ताकातले हात

गयामावशीचं चित्र मी उलटं छापलं. उलटं म्हणजे डोकं खाली अन् पाय वर असं नव्हे, तेवढी अक्कल होती. डावं ते उजवीकडे गेलं आणि उजवं ते डावीकडे. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, तर ते आरशात दिसतं तसं फिरवून कोरावं लागतं, तेव्हा कुठं कागदावर सरळ उमटतं. ही गोष्ट छापखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असते. आणि मी बसत होतो त्या जालन्याच्या छापखान्यात तर सगळेच दिवसभर उलटं वाचायचे. खिळे जुळवणारे रफिकचाचा उलटी अक्षरं अशी सरसर वाचायचे, की छापलेला सरळ पेपर हातात दिला की अडखळायचे. अशा माणसांच्या मधोमध स्टुलावर बसून मी एकट्यानं सरळ कोरलं. पहिली प्रत मशिनीतून बाहेर आली तेव्हा मावशीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता, चमकी उजव्या नाकपुडीत गेली होती, आणि कोपऱ्यातली माझी ऐटबाज सही अशी दिसत होती की शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळाली असावी.

रफिकचाचांनी ती प्रत दिव्याखाली धरली. "कोण हाय ही बाई, मियाँ?"

"माझी मावशी."

"डावखुरी हाय काय?"

"न्हाई."

"मंग आता झाली," असं म्हणून त्यांनी प्रत माझ्या मांडीवर टाकली आणि बिडी शिलगावली. आमचे संपादक, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, ते चष्मा कपाळावर चढवून आले, बघितलं, आणि म्हणाले, "अग्रलेख वाचणारा चित्र बघत नाही, अन् चित्र बघणारा अग्रलेख वाचत नाही. छापा." माझ्या कलेबद्दल कोणी संपादकानं दिलेला तो पहिला आणि शेवटचा अभिप्राय.

त्या दैनिकात मी अग्रलेखाच्या डोक्यावरचं चित्र करायचो. जस्ताचा ठोकळा करून आणायचा तर औरंगाबादला माणूस पाठवावा लागे, आणि तो येईपर्यंत ज्या मंत्र्यावर चित्र काढलं त्याचं खातं बदललेलं असे. म्हणून एका बंद पडलेल्या थेटराच्या हापिसातलं जमिनीवरून उखडलेलं लिनोलियम मी मिळवलं होतं आणि पाट्या रंगवायच्या माझ्या मूळ धंद्यातली हत्यारं त्याच्यावर चालवत होतो. पाटी रंगवणारा सरळच लिहितो. माझी चूक ही अशी शिक्षणातून आलेली होती. बायको म्हणते, ह्या एका वाक्यात तुमचं सगळं आयुष्य आलं. तिला मधे बोलायची सवय आहे.

मावशी राहायची पिंपळगाव रेणुकाईला. माझे आईवडील लवकर गेले, तेव्हापासून तिचं घर तेच माझं. नोकरी लागल्यावर मी जालन्याला छापखान्यामागच्या खोलीत राहू लागलो, तरी सुट्टी मिळाली की यष्टीत बसलोच. राजूरला गाडी थांबायची, चतुर्थी असली तर नारळाच्या पिशव्या घेतलेली माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची, मग केदारखेडा, मग भोकरदन, आणि पिंपळगाव जवळ आलं हे डोळे मिटूनही कळायचं. मिरचीचा हंगाम असला की नाकाला आधी कळायचं. गाडीतला पहिला माणूस शिंकला की कंडक्टर म्हणायचा, "चला, पिंपळगाववाले, उठा." अख्खं गाव त्या दिवसांत शिंकत असायचं. देवळात आरती शिंकेशिवाय पुरी व्हायची नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना पहिल्या हंगामात रडून घ्यायच्या, आणि सासवांना वाटायचं माहेरची आठवण येते.

मावशी बाजारात मिरची निवडायला जायची. हिरव्या मिरचीचे ढीगच्या ढीग उन्हात ओतलेले असत. त्यातली सडकी, वाकडी, पिकलेली बाजूला काढायची, देठ मोडायचे, पोत्यात भरायची. पहिल्या तासात बोटं चुरचुरतात, मग हुळहुळतात, आणि दुपारी असं वाटतं की कुणी हात चुलीत धरून ठेवलेत. पाण्यानं धुतले तर आणखी भडकतात. हे मी ऐकून लिहितो आहे असं कुणी समजू नये. एकदा मर्दुमकी दाखवायला मी तिच्याबरोबर बसलो आणि त्याच हातानं पायजम्याची नाडी सोडायला गेलो. पुढचं लिहीत नाही. मावशीचे यजमान, म्हणजे काका, त्या दिवशी एवढे हसले की त्यांना शेजाऱ्यांनी पाणी पाजलं.

हंगामात घराचा सगळा कारभार बदलायचा. मावशी दाराची कडी कोपरानं उघडायची. पीठ ती मळायची नाही, भाकरी काका करायचे, आणि त्यांची भाकरी कधी गोल झाली नाही. कुणाच्या ताटात कोकण पडायचं, कुणाच्या ताटात विदर्भ. सोबत कढी आणि शेंगदाण्याची चटणी. ठेचा मात्र त्या घरात वर्ज्य. "दिवसभर तिचंच तोंड बघून राह्यले, आता ताटातबी तीच का?" असं मावशी म्हणायची. तिची धाकटी मुलगी सुनी तेव्हा शाळेत होती. ती सकाळी रिबिनी घेऊन शेजारणीकडे पळायची, कारण आईच्या हातून वेणी घातली की मानेला आग व्हायची. मावशी उंबऱ्यात उभी राहून पोरीची वेणी दुसऱ्या बाईच्या हातून होताना बघायची. हे दृश्य मी तेव्हा कितीतरी वेळा पाहिलं आणि त्याचं चित्र काढायचं मला सुचलं नाही. सुचलं ते दुसरंच.

संध्याकाळी बाजारातून आली की ती अंगणात भिंतीला टेकायची आणि ताकानं भरलेल्या पितळी पातेल्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायची. डोळे मिटलेले, मान भिंतीला, ओठ घट्ट. तात्यांनी त्या आठवड्यात सांगितलं होतं की मिरची निवडणाऱ्या बायकांवर अग्रलेख लिहितो, डोक्यावर सावली नाही, प्यायला पाणी नाही, चित्र आण. मी लिनोचा तुकडा पिशवीतून काढला, पेन्सिलनं थेट त्याच्यावरच मावशी काढली आणि परतीच्या यष्टीत मांडीवर धरून कोरायला बसलो. यष्टीत कोरू नये, हेही मला नंतर कळलं. केदारखेड्याच्या पुढं गाडी खड्ड्यात गेली आणि पाती मावशीच्या भुवईवरून कपाळात घुसली. तिथं एक लांब पांढरी रेघ उमटली. ती रेघ लक्षात ठेवा, पुढं तिचे फार लाड झाले.

पेपर पिंपळगावात पोचला तेव्हा बायका आधी हसल्या. "गया, पदर कवापासून इकडं घ्यायला लागलीस?" मग त्यातल्या एकीच्या पोरानं अग्रलेख मोठ्यानं वाचून दाखवला. हसणं थांबलं. तात्या लिहायला बसले की त्यांचा मराठी माणूस कमी आणि वकील जास्त व्हायचा, तरी बायकांना हवं ते सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीच्या गाड्या आल्या आणि बघतात तो काट्यावर, म्हणजे मालाचं वजन करायच्या त्या मोठ्या लोखंडी फळीवर, मावशी बसलेली. तिच्या शेजारी आणखी बायका. काट्यावर माणसं बसली की माल चढत नाही, माल चढला नाही की भाव फुटत नाही. व्यापारी ओरडले, हमाल हसले, कुणी म्हणालं, बायांचंच वजन करा अन् मोकळे व्हा. मावशी म्हणाली, "करा. पण सावलीत करा."

मी दुपारी पोचलो. लांबूनच मला दिसलं की मावशीनं माझं चित्र डोक्यावर धरलंय. ऊर भरून आला. वाटलं, कला लोकांच्या झेंड्यावर गेली म्हणतात ती ही. जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, माझं चित्र वर धरलं तू." ती म्हणाली, "ऊन लागून राह्यलंय रे. दुसरा कागुद हाय का तुझ्याकडं, मोठा?" तर ते असं. सावली नसलेल्या बायकांवरचा अग्रलेख सावलीच्या कामी आला. दिवस मावळता मावळता बाजाराच्या कारभाऱ्यांनी तट्ट्यांचा मांडव कबूल केला आणि पुढं पत्र्याची शेड आली, पाण्याची टाकी आली. तात्या मरेपर्यंत म्हणत, अग्रलेखानं शेड आली. मी म्हणायचो चित्रानं. मावशीला विचाराल तर काट्यानं. पण मला त्या दिवशी कळलं की आपण करतो ते नुसतं पान सजवणं नाही. ते कुणाच्या तरी बाजूनं उभं असतं. त्या एका गोष्टीवर मी पुढं उभा जन्म काढला, आधी पेपरात आणि पेपर बंद पडल्यावर शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून.

एवढं सगळं सांगून झालं, आता राग सांगतो.

मागच्या थंडीत एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. "सर, हे तुमचं का?" फोटोत काचेआड, रुंद पांढऱ्या कडेत, काळ्या चौकटीत गयामावशी. खाली लिहिलेलं, 'विसावा'. आमच्या दैनिकाच्या मालकांच्या नातीला, ईशाला, घरातल्या कपाटात पेपरच्या जुन्या फायली सापडल्या होत्या. त्यातली अग्रलेखावरची चित्रं तिनं मोठी करून, जाड सुती कागदावर छापून, शहरातल्या एका हॉलमध्ये विकायला मांडली होती. मी तसाच रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला वाटलं दवाखान्यात जायचंय.

हॉलमध्ये थंडगार हवा, पिवळे दिवे, आणि माणसं देवळात कुजबुजतात तशी कुजबुजत होती. मी मावशीसमोर उभा राहिलो. अग्रलेख कापून टाकलेला. नवरदेवाला खाली उतरवून नुसतं घोडं मांडवात आणावं, तसं चित्र. शेजारी माहितीचा कागद होता. तो मी वाचला. 'ग्रामीण स्त्रीच्या दिनक्रमातला ध्यानस्थ क्षण. रिक्त पात्र हे अंतर्मुखतेचं प्रतीक. पदर उजव्या खांद्यावर देऊन अनामिक चित्रकार परंपरेला प्रश्न विचारतो. भुवईवरची निर्भीड रेषा विशेष पाहावी.' मी परंपरेला काहीएक विचारलं नव्हतं. मला आरसा घ्यायचं सुचलं नव्हतं. निर्भीड रेषा सार्वजनिक बांधकाम खात्याची होती. आणि पात्र रिक्त? त्यात शेजारच्या दोन घरांतून मागून आणलेलं ताक होतं. ज्या बाईचे हात आगीत आहेत तिला हे लोक ध्यानाला बसवून मोकळे झाले.

अजून पुढं ऐका. चित्राच्या पार्श्वभूमीला पुसट अक्षरांची सावली होती, तिला कागदावर 'काळाचे थर' म्हटलं होतं. मी चष्मा सरसावून वाचलं. पानाच्या मागल्या बाजूची मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात शाई फुटून इकडं उमटली होती. ते काळाचे थर. आणि कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेलं, पंचवीस प्रतींपैकी चौथी. म्हणे दुर्मीळ आहे. जे चित्र आम्ही हजारांनी छापलं, ज्यात लोकांनी भजी बांधली, पोरांच्या वह्यांना कव्हरं घातली, मावशीनं डोक्यावर धरलं, त्याच्या पंचवीसच प्रती काढून त्याला दुर्मीळ करायचं. माझ्या शेजारी एक जोडपं उभं होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "सोफ्याच्या वर छान जाईल ना? किती शांत वाटतं बघून." मी म्हणालो, "ताई, त्या बाईला आत्ता विचाराल तर ती शिवी देईल." जोडपं दुसऱ्या चित्राकडे गेलं.

मग ईशा आली. गोड मुलगी. रागावता येऊ नये इतकी गोड, त्याचाही मला राग आला.

"सर, काही मदत हवीय?"

"हे चित्र माझं आहे. आणि ह्याचं नाव विसावा नाही. ही बाई मिरची निवडून आलीय. तिचे हात भाजलेत."

"सर, किती इंटरेस्टिंग. पण चित्रावर सही नाहीये. आम्ही अनामिक म्हणूनच..."

"सही आहे. ही काय."

"तो पक्षी आहे ना?" तिनं माहितीचा कागद पुढं केला. तिथं खरंच लिहिलं होतं, कोपऱ्यातला उडता पक्षी.

आता इथं शहाणा माणूस काय करतो? खिशातला मोबाइल काढतो, फोटो घेतो, फिरवून दाखवतो. मी चौकट भिंतीवरून काढली, काखेत मारली आणि बाथरूमकडे निघालो, कारण आरसा मला तिथंच आठवला. मागून वॉचमन धावला. त्याला वाटलं म्हातारा चित्र घेऊन पळतोय. बेसिनपाशी त्यानं मला कमरेला मिठी मारली, मी चौकट आरशासमोर धरली, आणि ह्या अवस्थेत ईशा दारात पोचली. आरशात स्वच्छ दिसत होतं, 'दिगू'. पदरही डाव्या खांद्यावर आला होता. माझं छापलेलं चित्र मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ बघितलं, ते पुरुषांच्या बाथरूममध्ये, वॉचमनच्या मिठीत.

ईशानं वॉचमनला सोडायला लावलं, मला खुर्ची दिली, चहा मागवला. नाव लावायला ती लगेच तयार झाली. पैशाचंही काहीतरी बोलू लागली, ते मी ऐकलं नाही. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो होतो. "माझं नाव नाही लावलं तरी चालेल. पण विसावा काढा. अग्रलेख कशावर होता ते खाली लिहा."

"सर, खरं सांगू? मिरची, भाजलेले हात, असं लिहिलं तर लोक घरात लावणार नाहीत. आणि चित्राचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा असं मला वाटतं. तुम्हाला त्यात आग दिसते, मला खरंच विसावा दिसतो. तुमचं ऐकायचं की चित्राचं?"

"त्या बाईचं ऐका. ती आहे अजून."

तिचे डोळे मोठे झाले. "आहेत? मग त्या म्हणतील ते मी लिहीन. आत्ता बदलते. पण त्या विसावा म्हणाल्या, तर तुम्ही पुन्हा वाद घालायचा नाही."

"बिलकुल नाही," मी म्हणालो, कारण मला खात्री होती. सुनी आता पिंपळगावातच असते, मावशी तिच्याकडेच. मी तिला व्हिडिओ फोन लावला. ईशानं मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला. सोफावालं जोडपंही मागं येऊन उभं राहिलं. पडद्यावर आधी सुनीचा कान आला, मग छत आलं, मग मावशी. तोंडात दात नाहीत, बाकी सगळी तीच. ईशानं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आजी, ह्या तुम्हीच ना?"

मावशीनं डोळे बारीक केले. "मीच की. ते पातेलं माझ्या धाकट्या जावेनं नेलं, ते काय वापस देलं न्हाई तिनं."

"आजी, आम्ही ह्या चित्राला विसावा असं नाव दिलंय. म्हणजे तुम्ही दमून आलात आणि निवांत बसलात. सर म्हणतात ते खोटं आहे. तुम्ही सांगाल ते नाव ठेवू."

मी छाती पुढं काढून उभा होतो.

"इसावा कशाचा बाई," मावशी म्हणाली. "कोपरापोतर आग होऊन राह्यल्ती. मिरचीनं हात जळाल्याली गयाबाई, असं लिवा. पिंपळगाव रेणुकाई बी लिवा, न्हाईतर कोण्या गावची म्हणतेल लोक."

ईशानं पेन काढलं आणि ती सांगत होती तसं, तिच्याच शब्दांत, लिहून घेतलं. विसाव्याचं कार्ड माझ्यासमोर फाडलं. सोफावाल्या बाईनं नवऱ्याच्या दंडाला धरलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणालो, "बघा. मी काय सांगत होतो?"

माझा आवाज पलीकडं गेला असावा. मावशीनं मान वाकडी करून पडद्यात मला शोधलं.

"त्यो दिगू हाय का तिथं?" ती म्हणाली. "तू कशाला एवढा तावानं भांडून राह्यला रे? ताक गरम झाल्तं, सुनी दुसरं थंड ताक घेऊन उभी व्हती, अन् तू म्हणला, मावशी, हात काढू नको, चित्र बिघडंल. ह्या लोकाइनं निदान नावात तरी मला इसावा देला. तू तेवढाबी न्हाई देला."